एदोगावात घरचं नेट : आधी मुक्काम मोजा, मग मेगाबिट

तोक्योला निघायची तयारी चालू असेल, तर बॅगेतला राउटर काढून ठेवा. घरी धूळ खात पडलेला पण चांगला चालणारा राउटर तिकडे कामी येईल, पाच-सात हजार येन वाचतील, असा विचार प्रत्येक घरात कोणीतरी करतंच. मग कुकर, मिक्सर आणि मसाल्याच्या डब्याशेजारी तोही बॅगेत बसतो. मिक्सर इथल्या १०० व्होल्टवर रडतखडत फिरतो, तो विषय वेगळा. राउटरचा प्रश्न मात्र कायद्याचा आहे. जपानमध्ये रेडिओलहरी सोडणाऱ्या यंत्रावर ‘गितेकी’ ही खूण लागते, म्हणजे गोलातली विजेसारखी छोटी आकृती. ती नसलेलं यंत्र वापरलं तर रेडिओ कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांना त्यांच्या फोन-लॅपटॉपपुरती ९० दिवसांची सवलत आहे. घर मांडायला येणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये. राउटर इथेच घ्यावा.

हे सांगायचं कारण, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला असतो : ‘नेट कोणाचं घ्यायचं?’ २००० सालच्या संगणकी संकटाच्या निमित्ताने भारतीय अभियंते या भागात येऊ लागले. तोझाई लाइनने ओतेमाची-निहोनबाशीची ऑफिसं जवळ आणि यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत ना जामीनदार लागत, ना घरमालकाला द्यायची ‘रेइकिन’ लागत. त्यामुळे कोजिमा-चो, सेइशिन-चोच्या दांचींमध्ये म्हणजे वसाहतींमध्ये घरं मिळत गेली. पुढे शाळा आल्या, वाण्याची दुकानं आली. २०१९ साली तर महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या वॉर्ड सभागृहात निवडून गेले. इतकं सगळं बस्तान बसलं तरी नेटच्या प्रश्नावर दहा शेजारी दहा उत्तरं देतात, कारण प्रत्येकाचं उत्तर त्याच्या घरापुरतं खरं असतं. म्हणून मी आता उलट दोनच प्रश्न विचारते : भिंतीत काय आहे, आणि तुम्ही किती महिने राहणार?

आधी भिंत वाचा

घराची चावी मिळाली की सामान लावायच्या आधी भिंतीतले पॉइंट शोधा. कपाट किंवा पलंग एकदा बसला की मागचा सॉकेट सापडत नाही आणि तंत्रज्ञ आला की अर्धं घर सरकवावं लागतं.

भिंतीत साधारण चार प्रकार दिसतात. मधोमध टाचणीएवढी टोचणी आणि भोवती आटे असलेला गोल पॉइंट हा टीव्हीचा, म्हणजे जाड काळ्या-पांढऱ्या कोअ‍ॅक्सियल वायरीचा. केबल इंटरनेट यातूनच येतं. चौकोनी, छोट्या खाचेचा पॉइंट टेलिफोनचा. त्याच आकाराचा पण थोडा रुंद असेल तर तो लॅनचा. आणि झाकण असलेल्या पॉइंटवर ‘हिकारी’ म्हणजे प्रकाश या अर्थाचं अक्षर कोरलेलं असेल, तर फायबर थेट तुमच्या खोलीपर्यंत पोचली आहे.

त्यानंतर इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयात एकच विचारा : इमारतीत कोणत्या कंपनीची वायर आधीच आलेली आहे? ‘फायबर आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. फायबर इमारतीच्या तळघरापर्यंत येते आणि तिथून तुमच्या खोलीपर्यंत कधीकधी जुन्या टेलिफोनच्या तारेने चढते. या पद्धतीला व्हीडीएसएल म्हणतात. तिच्यात कागदावर एक गीगाबिट लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष कमाल १०० मेगाबिटच मिळतं. अशा घरात केबलचं कनेक्शन डाउनलोडच्या बाबतीत फायबरला सहज मागे टाकू शकतं.

चार वाटा आणि त्यांची किंमत

पुढचे आकडे १० टक्के करासह, ढोबळ आणि सवलती वगळून धरलेले आहेत. दर बदलत राहतात, तेव्हा सही करताना कागदावरचा आकडा अंतिम मानावा. एक येन साधारण ५५ ते ६० पैशांचा.

पहिली वाट फुकटची. बऱ्याच भाड्याच्या इमारतींत नेट भाड्यातच धरलेलं असतं, कधी लॅनच्या पॉइंटमधून तर कधी टीव्हीच्या पॉइंटमधून. तसं असेल तर महिन्याचा खर्च शून्य, राउटर घ्यावा लागला तर तेवढाच. आधी महिनाभर हेच वापरून बघा. विक्रेता दारात उभा राहून ‘फुकटचं नेट संथ असतं’ म्हणाला, तरी तुमच्या घरात ते संथ आहे की नाही हे तुम्हीच ठरवा.

दुसरी वाट केबलची. एदोगावात जे-कॉमची केबल बऱ्याच इमारतींत आधीपासून फिरलेली आहे. १९९५ मध्ये केबल टीव्हीसाठी उभी राहिलेली ही कंपनी आज केडीडीआय आणि सुमितोमो यांच्या मालकीची आहे. टीव्हीच्याच तारेतून इंटरनेटही येतं, म्हणून नवी वायर ओढावी लागत नाही. भिंतीतल्या पॉइंटला मोडेम जोडला की काम झालं. महिन्याला साधारण ५ ते ८ हजार येन, सुरुवातीची करारफी ३ हजारांच्या आसपास. जाहिरातीतला मोठ्या अक्षरातला दर बहुधा पहिल्या काही महिन्यांचाच असतो. त्याखालची बारीक ओळ वाचा.

तिसरी वाट फायबरची. एनटीटीच्या तारेवर दोकोमो, सॉफ्टबँक अशा कंपन्या आपल्या नावाने सेवा विकतात. दोकोमो हिकारीचा एक गीगाचा दर इमारतीतल्या घराला ४४०० आणि स्वतंत्र घराला ५७२० येन आहे. पण इथे ‘कोजी-हि’ म्हणजे बसवणुकीचा खर्च येतो, साधारण २२ हजार. मोबाइल त्याच कंपनीचा असेल तर दर फोनमागे महिना हजार येनच्या आसपास सूट मिळू शकते. नवरा-बायकोचे दोन फोन असतील तर ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

चौथी वाट सिमवाल्या डब्याची. विजेच्या सॉकेटला लावला की वायफाय सुरू, ना तंत्रज्ञ ना वायर. महिन्याला ५ हजारांच्या आसपास. ऐकायला सगळ्यांत सोपी, पण डब्याची किंमत ७० हजारांच्या वर जाऊ शकते. ती तीन-चार वर्षांच्या हप्त्यांत वाटलेली असते आणि दरमहा तेवढीच सूट दाखवून शून्य केलेली असते. मध्येच देश सोडलात तर सूट थांबते, हप्ते मात्र थांबत नाहीत.

चौदावा महिना

आता मुक्कामाकडे वळू. समजा केबल महिना ६००० येनला मिळाली आणि वायर आधीच घरात असल्याने बसवणुकीचा खर्च लागला नाही. फायबर ४४०० येनला मिळाली, पण बसवणुकीचे २२ हजार लागले. करारफी दोन्हीकडे ३३०० धरू.

सहा महिन्यांच्या डेप्युटेशनवर आलेल्या माणसाला केबल ३९,३०० येनला पडते, फायबर ५१,७०० ला. तीन वर्षं राहणाऱ्या कुटुंबाला केबल २,१९,३०० ला, फायबर १,८३,७०० ला. म्हणजे थोडक्या मुक्कामात केबल बारा हजारांनी स्वस्त आणि लांबच्या मुक्कामात फायबर पस्तीस हजारांनी स्वस्त. दोन्ही रेषा एकमेकींना भेटतात चौदाव्या महिन्यात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणित हेच : बसवणुकीचा फरक भागिले महिन्याच्या दरातला फरक. उत्तर येईल तितक्या महिन्यांनंतर फायबर फायद्यात. त्याआधीच तुम्ही परतणार असाल, तर शेजारच्या दहा वर्षं राहिलेल्या काकांचा सल्ला त्यांच्यापाशीच राहू द्या.

इथेच ‘जिस्शित्सु मुर्यो’ हे शब्द ओळखून ठेवा. अर्थ ‘प्रत्यक्षात मोफत’, आणि मेख त्या ‘प्रत्यक्षात’मध्येच आहे. २२ हजारांचे २४ हप्ते पाडले की महिना ९१७ येन होतात. तेवढीच सूट दरमहा दिली की खर्च दिसेनासा होतो. चौदा महिन्यांनी कनेक्शन तोडलंत तर उरलेले दहा हप्ते, सुमारे ९१७० येन, एकरकमी भरावे लागतात. फुकट आहे, पण चोवीस महिने राहणाऱ्याला.

कागद आणि नाव

लागतं ते एवढंच : झाइर्यू कार्ड म्हणजे निवासपत्र, त्यावर इथला पत्ता चढवलेला, आणि बँक खातं किंवा क्रेडिट कार्ड. पत्ता वॉर्ड कार्यालयात जाऊन आधी नोंदवा. त्याशिवाय पुढचं काही हलत नाही.

खरी अडचण आपल्या नावाची. मराठी नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि ते सगळं काताकाना लिपीत बसवायचं असतं. माझ्या बँकेने आधी आडनाव, मग नाव, मग मधलं नाव असं लिहिलं. नेटच्या अर्जावर मी मधलं नाव गाळलं. दोन अक्षरांमधल्या एका आडव्या रेघेचाही फरक पडला. तीन आठवड्यांनी पत्र आलं की खात्यातून पैसे कापता येत नाहीत, नाव जुळत नाही. पासबुक उघडून, त्यावरचं काताकाना जसंच्या तसं, रिकाम्या जागेसकट उतरवल्यावर गाडी पुढे गेली. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. पासबुकाच्या त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा, वीज आणि गॅसच्या अर्जालाही तो कामाला येईल.

मार्च-एप्रिल हा इथला घरबदलाचा हंगाम. त्या दिवसांत फायबरच्या बसवणुकीला महिन्याच्या वरही थांबावं लागू शकतं. वायर असलेल्या इमारतीत केबल बहुधा त्यापेक्षा लवकर होते. घराचा ताबा मिळायच्या आधीच तारीख मागून ठेवलेली बरी.

बसवायचा दिवस

या कामाला ‘ताचिआई’ लागते, म्हणजे घरातलं कोणीतरी हजर हवं. तंत्रज्ञ दिलेल्या वेळेत येतो, चपला दारात काढतो, जमिनीवर आपलं कापड अंथरतो आणि त्यावर हत्यारं मांडतो. केबलचं काम असेल तर पहिली दहा मिनिटं तो मोडेमला हातही लावत नाही. टीव्हीच्या पॉइंटला हातातलं मीटर जोडून सिग्नल किती डेसिबल येतोय ते बघतो. आकडा कमी आला तर वायरीत मधे कुठे जुना स्प्लिटर बसलाय ते शोधतो. एका सिग्नलचे दोन फाटे केले की प्रत्येक फाट्याला निम्मी ताकद उरते. मोडेम टीव्हीच्या मागे तिसऱ्या फाट्यावर लटकवलात तर रात्री नेट रडणारच.

मोडेम कुठे बसवायचा हे त्याने ठरवायच्या आधी तुम्ही ठरवा. शक्यतो घराच्या मधल्या खोलीतला पॉइंट सांगा. भिंतीला भोक पाडायची वेळ आली तर घरमालकाची परवानगी आधी हवी, यूआरमध्येही. घर सोडताना ते मूळ स्थितीत द्यायचं असतं आणि भोकाचा हिशोब तुमच्याच ठेवीतून होतो.

निघण्यापूर्वी त्याच्यासमोरच लॅपटॉप वायरीने मोडेमला जोडून वेग मोजा. पुढे वायफाय संथ वाटलं तर दोष तारेचा की तुमच्या राउटरचा, हे या एका आकड्यावरून कळेल.

अपलोडकडे बघा

केबलच्या जाहिरातीत डाउनलोडचा आकडा मोठा असतो, अपलोडचा कोपऱ्यात. ३२० मेगाबिटच्या केबल योजनेत अपलोड १० मेगाबिट, एक गीगाच्या केबल योजनेत १००. तार मुळात टीव्हीसाठी ओढलेली, म्हणजे घराकडे येणारा रस्ता रुंद आणि बाहेर जाणारा अरुंद. सिनेमा बघायला हे पुरतं. पण आपला वापर वेगळा असतो. जपान भारतापेक्षा साडेतीन तास पुढे. नाशिकला आजी-आजोबांचा संध्याकाळी सहाचा चहा होतो तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि अख्खी दांची त्याच वेळी नेटवर असते. केबलचा एक रस्ता अनेक घरांत वाटलेला असल्याने गर्दीच्या वेळी वेग उतरतो.

दहा मेगाबिटमध्ये एक-दोन व्हिडिओ कॉल आरामात बसतात. कॉल अडकतो तेव्हा बहुतेक वेळा दोषी असतो फोनमधला फोटोंचा बॅकअप. दिवसभर काढलेले व्हिडिओ तो नेमका घरी वायफाय मिळाल्यावर वर चढवायला लागतो. बॅकअपची वेळ मध्यरात्रीनंतरची ठेवा, आजोबांचा चेहरा गोठायचा थांबेल. घरून काम करणाऱ्या आणि मोठ्या फाइली पाठवणाऱ्या माणसाने मात्र अपलोडसाठी फायबरच बघावी.

राउटर : भाड्याने की विकत?

कंपनीचा वायफाय-डबा भाड्याने घेतला आणि महिन्याला ५५० येन पडले, तर तीन वर्षांत १९,८०० होतात. बफलो, एनईसी किंवा टीपी-लिंकचा वायफाय-६ राउटर ६ ते १२ हजारांत येतो. वर्षभर राहणाऱ्याने भाडं द्यावं, त्याहून जास्त राहणाऱ्याने विकत घ्यावा. मोडेममध्येच वायफाय फुकट असेल तर आधी तेच वापरा. लहान घराला ते पुष्कळ होतं.

स्वतःचा राउटर लावताना त्याच्या पाठीवर एक बोटभर सरकती कळ असते, ‘राउटर’ आणि ‘एपी’ किंवा ‘बीआर’ अशी. कंपनीचा डबा आधीच राउटरचं काम करत असेल तर ही कळ ‘एपी’ किंवा ‘बीआर’कडे सरकवा. नाहीतर एका घरात दोन कारभारी होतात. मग प्रिंटर सापडत नाही, ऑफिसचं व्हीपीएन तुटतं आणि दोष तारेला दिला जातो.

दांचीच्या भिंती काँक्रीटच्या आणि दारं लोखंडी. २.४ गीगाहर्ट्झची लहर संथ, पण भिंतीपलीकडे पोचते. मात्र मायक्रोवेव्ह चालू झाला की ती चाचपडते. ५ गीगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीला लवकर हरते. राउटर जमिनीवर किंवा लोखंडी कपाटात न ठेवता खांद्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा. दोन खोल्यांच्या घराला एक राउटर बहुधा पुरतो. पंधरा-तीस हजारांची मेशची जोडी घेण्याआधी हजारभर येनची लॅनची वायर भिंतीच्या कडेने दुसऱ्या खोलीत नेऊन बघा.

एक इथली खास अडचण. ५ गीगाहर्ट्झमधल्या काही वाहिन्या हवामानाच्या रडारसोबत वाटून घ्याव्या लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ती वाहिनी सोडावी लागते आणि तशाच दुसऱ्या वाहिनीवर जायचं तर मिनिटभर कान देऊन गप्प बसावं लागतं. ऐन मीटिंगमध्ये वायफाय मिनिटभर गायब होऊन आपोआप परत येत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डब्ल्यू ५२’ म्हणजे ३६ ते ४८ क्रमांकाच्या वाहिन्या निवडा. या वाहिन्यांना रडारसाठी थांबावं लागत नाही.

वायफायचा पासवर्ड स्टिकरवरचाच ठेवला तरी राउटरच्या आतला व्यवस्थापनाचा पासवर्ड बदला. वायफायच्या नावात आडनाव किंवा घरनंबर घालू नका. पाहुण्यांसाठी वेगळं जाळं सुरू करा.

न सांगितलेले खर्च

केबलवाले नेटसोबत टीव्ही आणि फोनचं पुडकं सुचवतात. टीव्ही घेतलात तर एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेची वर्गणी लागू होते : जमिनीवरच्या प्रसारणाला महिना ११०० येन, उपग्रहासह १९५० येन. मराठी मालिकाच बघायच्या असतील तर नुसतं नेट घ्या.

दारात येऊन ‘इमारतीच्या सिग्नलची तपासणी करायची आहे’ म्हणणारा माणूस कधी खरंच तपासणीला आलेला असतो, कधी तपासणी करता करता करार पुढे करतो. व्यवस्थापनाची नोटीस तळमजल्यावर लागली आहे का, हे आधी बघा. सही केलीच तर घाबरू नका. करारपत्र हातात आल्यापासून आठ दिवसांत लेखी कळवून करार मोडता येतो. वापरलेले दिवस आणि झालेल्या कामाचे पैसे मात्र द्यावे लागतात. वाद झाला तर १८८ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक जवळच्या ग्राहक केंद्राला जोडून देतो.

आणि एदोगावात राहताय, म्हणून हेही. या वॉर्डाचा बराच भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. मोठ्या पुराच्या वेळी इथे थांबू नका, असं वॉर्डाच्या २०१९ च्या पूर-नकाशातच बजावलं आहे. वीज गेली की घरचं वायफायही जातं. मोठ्या आपत्तीत कंपन्या पाच शून्यं आणि ‘जपान’ अशा नावाचं मोफत वायफाय खुलं करतात. ते कुलूपबंद नसतं, म्हणून निरोपापुरतं वापरा, बँकेसाठी नको.

सोडताना

१ जुलै २०२२ नंतरच्या करारांत मुदतीआधी सोडल्याचा दंड एका महिन्याच्या शुल्कापेक्षा जास्त लावता येत नाही. पण बसवणुकीचे उरलेले हप्ते वेगळे आणि ‘तेक्क्यो-हि’ म्हणजे वायर काढण्याचा खर्चही वेगळा. करार करतानाच विचारा : आज सोडलं तर एकूण किती? उत्तर लेखी घ्या.

परतीचं तिकीट काढलं की महिनाभर आधी ‘काइयाकु’ म्हणजे बंद करण्याची सूचना द्या. बँक खातं शेवटचं बिल कापलं जाईपर्यंत चालू ठेवा. भाड्याचा मोडेम परत करायचा असतो, सोबतचा अडॅप्टर आणि वायर मोजून. एखादी वस्तू कमी पडली तर तिचे पैसे लागतात. म्हणून पहिल्या दिवशी एक काम करा : मोडेमचा खोका फेकू नका. त्यात काय काय आलं त्याचा फोटो काढा आणि खोका कपाटावर, रिकाम्या बॅगेच्या शेजारी ठेवून द्या. बॅग उतरवाल त्या दिवशी तोही उतरेल.